दिल्ली-जयपूर-आग्रा-काशी : स्वतंत्र गाडी आणि त्या त्या शहरातला गाइड (अनुभव आणि चर्चा)

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीत आई-बाबा, मी, नवरा आणि नववीतली लेक असे आम्ही पाच जण दिल्ली, जयपूर, आग्रा आणि काशी करून आलो. बाबा 76 वर्षांचे, गुडघे दुखतात. आई 71. एकूण दहा दिवस. जाण्याआधी इथले जुने धागे वाचून फार मदत झाली होती, म्हणून आमचाही अनुभव सविस्तर लिहितेय.

आधी स्वतंत्र गाडीच का, ते सांगते. सहा वर्षांपूर्वी आई-बाबांना एका कंपनीच्या ग्रुप टूरने याच बाजूला पाठवलं होतं. ताजमहालाला पन्नास मिनिटं आणि संगमरवराच्या शोरूमला दीड तास, असा हिशेब निघाला. बाबा कबरीपर्यंत पोचलेच नाहीत. मधल्या हौदाजवळ बाकावर टेकले आणि तेवढ्यात निघायची वेळ झाली. घरी येऊन तक्रार काही केली नाही, पण टीव्हीवर ताज दिसला की म्हणायचे, "लांबून पाहिलाय." ते मला लागून राहिलं होतं.

या वेळी सगळं एकाच पॅकेजमध्ये न घेता गाडी, हॉटेलं आणि गाइड वेगवेगळे ठरवले. दिल्लीहून इनोव्हा घेतली. किलोमीटरला 18 रुपये, रोजचे किमान 250 किलोमीटर, ड्रायव्हरचा भत्ता रोज 500, टोल-पार्किंग-राज्याचा कर वेगळा. सहा दिवसांचे 36 हजारांच्या आसपास झाले. गाडी आग्र्यात सोडायची असेल तर ती रिकामी दिल्लीला जाते, त्याचे किलोमीटर कोणाच्या हिशेबात हे आधीच विचारून घ्या.

गाडीवाल्याला व्हॉट्सॅपवर लिहून पाठवलं होतं : आम्ही म्हटल्याशिवाय दुकानात थांबायचं नाही, रात्री आठनंतर हायवेवर गाडी चालवायची नाही आणि ड्रायव्हरच्या झोपण्याची नीट सोय हवी, त्याचे पैसे आम्ही देऊ. हे वाचून त्याने भाडं थोडं वाढवून सांगितलं. मला ते पटलं. कमी भाव सांगतात तो पुढे दुकानांच्या कमिशनमधून भरून काढायचा असतो. ते कमिशन बंद केलं तर त्याचे हक्काचे पैसे आपणच द्यायला हवेत.

पण गाडीपेक्षा गाइडकडे जास्त लक्ष द्या, हे मी कळकळीने सांगेन. दिल्लीहून एकच माणूस बरोबर न्यायचा की प्रत्येक शहरात वेगळा घ्यायचा, हा प्रश्न आम्हालाही होता. आम्ही वेगळे घेतले, प्रत्येकाशी आधी फोनवर दहा मिनिटं बोललो आणि पैसे थेट त्यांच्याच हातात दिले. फोनवर बाबांच्या गुडघ्यांबद्दल आणि आम्हाला काय बघायचंय त्याबद्दल सांगितलं. जो नुसतं "हो जाएगा" म्हणाला त्याला नाही म्हटलं. ज्यांनी उलट प्रश्न विचारले, जिने किती चढू शकतात, मधुमेह आहे का, सकाळी किती वाजता उठतात, त्यांना ठरवलं.

दिल्लीत एकच दिवस होता, लाल किल्ला आणि हुमायूनची कबर एवढंच केलं. लेकीला हुमायूनची कबर ताजच्या आधी दाखवली ते बरं झालं. मोठा घुमट आणि चार भागांत आखलेली चौकोनी बाग ही ठेवण तिने आग्र्यात लगेच ओळखली.

जयपूरला जंतरमंतरमध्ये दोन तास गेले, आणि ते मला या सहलीतले सगळ्यात मोलाचे वाटतात. गाइडताई गणितात एम.एस्सी. झालेल्या. सम्राट यंत्र म्हणजे सावलीवरून वेळ दाखवणारं दगडी सूर्यघड्याळ. त्याची उंची 27 मीटर, हे फलकावर लिहिलेलंच असतं. त्यांनी लेकीला सावलीची कड दाखवली आणि म्हणाल्या, नजर हलवू नकोस, एक मिनिट बघ. सावली डोळ्यांदेखत सरकत होती, सेकंदाला साधारण एक मिलिमीटर. मिनिटभरात जवळजवळ चार बोटं. लेक श्वास रोखून उभी होती. मग तिने मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "पण हे तर चाळीस मिनिटं मागे आहे!" गाइडताई इतक्या खूश झाल्या. त्यांनी जमिनीवर बसून वहीत मांडून दाखवलं : आपली भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखांशाची, जयपूर त्याच्या पश्चिमेला, तिथे 27 मिनिटं गेली. उरलेली 14 मिनिटं सूर्याची चाल वर्षभर सारखी नसते म्हणून, फेब्रुवारीच्या मध्यात तो घड्याळाच्या सगळ्यात जास्त मागे असतो. सवाई जयसिंहाचं यंत्र बिनचूक आहे, आपली घड्याळं सोयीसाठी एकसारखी केलीत. लेकीने ते पान फाडून मागून घेतलं, आता तिच्या टेबलावर चिकटवलंय.

आग्र्याच्या वाटेवर आभानेरीची चांद बावडी बघितली. तेरा मजले खोल, साडेतीन हजार पायऱ्या. आत उतरू देत नाहीत, वरूनच बघायची, त्यामुळे बाबांना काहीच अडचण आली नाही. हायवेपासून थोडी आत आहे, पण चुकवू नका.

आणि ताज. सोमवारी सूर्योदयाला गेलो. आग्र्याचे गाइडकाका साठीचे असतील. त्यांनी बाबांसाठी चार थांबे ठरवले होते. दरवाज्यापाशी बसवून अमानत खानाच्या अक्षरांबद्दल सांगितलं, की वर जावं तसा अक्षरांचा आकार वाढवत नेलाय, म्हणून खालून सगळी सारखीच दिसतात. मग हौदापाशी, मग चौथऱ्याच्या खाली. प्रत्येक थांब्याला गोष्टीचा एक तुकडा, त्यामुळे आपल्यासाठी बाकीचे खोळंबलेत असं बाबांना एकदाही वाटलं नाही. चौथऱ्याचा जिना ते माझ्या नवऱ्याचा हात धरून चढले. आत कबरीभोवतीच्या जाळीवर काकांनी छोटी बॅटरी टेकवली आणि दगडात जडवलेलं अकीकाचं फूल निखाऱ्यासारखं लाल पेटलं. बाबा कितीतरी वेळ तिथून हललेच नाहीत.

आता टीव्हीवर ताज दिसला की ते फुलाबद्दल सांगतात.

गाइडचा खर्च : दिल्ली 3,000, जयपूर दोन दिवसांचे 5,000, आग्रा 3,000, काशी दोन दिवसांचे 4,500. आग्र्याहून काशीला वंदे भारतने गेलो, साधारण सात तास. काशीबद्दल वेगळं लिहीन.

---

रानवारा

फार सुंदर लिहिलंय. सावलीचा प्रसंग लेकाला वाचून दाखवला.

एक विचारायचं होतं. दुकानांबद्दल लिहून दिलं तरी पुढे गाइड "फक्त कारीगरी बघा, घेऊ नका" म्हणतातच. त्याचं काय केलंत? आम्ही डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जायचं म्हणतोय. सासू-सासरे आणि दोन लहान मुलं बरोबर आहेत.

---

दिल्लीस्थित

गोदाकाठ, धागा वाचनखूण करून ठेवावा असा आहे. बावीस वर्षं दिल्लीत राहतोय, पाहुण्यांच्या निमित्ताने हा फेरा बऱ्याचदा झालाय. त्यातून काही गोष्टी.

गाइडच्या गळ्यात पर्यटन खात्याचं ओळखपत्र हवं. त्यावर फोटो आणि मुदत दोन्ही बघा. केंद्राचं असतं तसं राज्याचंही असतं. आग्र्यात आणि जयपुरात गाडीच्या काचेवर टकटक करून "गाइड चाहिए?" म्हणणाऱ्यांना तिथले लोकच लपके म्हणतात. राजस्थानने तर अशा लोकांना आवरायला 2010 मध्ये कायदा केलाय. ताजच्या पार्किंगमध्ये कोणी म्हणालं की पुढे गाडी जात नाही, आमच्या रिक्षातून चला, तर अर्धं खरं असतं. पेट्रोल-डिझेलच्या गाड्या पुढे जात नाहीत हे खरं, पण पूर्व दरवाज्याला शिल्पग्रामपासून बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या आहेत, त्याच घ्या.

वार नीट बघा. ताज शुक्रवारी बंद, लाल किल्ला सोमवारी बंद, सारनाथचं संग्रहालय शुक्रवारी बंद. तीन शहरांचा कार्यक्रम या तीन वारांवरूनच लावायला घ्यावा.

गाडीच्या बाबतीत माझं मत थोडं वेगळं आहे. दिल्ली शहरात इनोव्हा उभी करून रोजचे 250 किलोमीटर भरण्यापेक्षा मेट्रो घ्या. लाल किल्ला आणि कुतुब मिनार, दोन्हींच्या नावाचं स्टेशन आहे. गाडी दिल्ली सोडायच्या दिवसापासून सुरू करा. नुसतं आग्रा करायचं असेल तर हजरत निजामुद्दीनहून गतिमान एक्स्प्रेस शंभर मिनिटांत पोचवते.

रानवारा, डिसेंबरचा शेवट टाळा, ही माझी मनापासून विनंती. धुकं. यमुना एक्स्प्रेसवेवर हिवाळ्यात वेगमर्यादा कमी करतात ती उगाच नाही. पहाटे पुढच्या गाडीचे दिवे दहा हातांवर आले तरी दिसत नाहीत. आणि सूर्योदयाचा ताज म्हणून जाल तर समोर नुसता पांढरा पडदा. लहान मुलं आणि वयस्कर माणसं घेऊन त्या रस्त्यावर जाऊ नका.

आणि मराठी माणसाने दिल्लीचा एक दिवस वाढवून पानिपतला जावंच. 90 किलोमीटर. काला आंबच्या स्मारकापाशी फारसं बघण्यासारखं काही नाही, पण मी दर वेळी तिथे जातो. लाल किल्ल्यात दिवाण-ए-खासचं छतही वर मान करून बघा. तिथली चांदी 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंनी उतरवून वितळवली, सैन्याचा पगार भागवायला. तो भकास भाग बघितला की 14 जानेवारी 1761 ला आपल्या लोकांवर काय वेळ आली असेल ते कळतं.

---

माणदेशी मन

वेगळं मत मांडतो, राग मानू नका. माझी आई 68 वर्षांची, वडील गेल्यावर दोन वर्षं घराबाहेर पडली नव्हती. तिला ग्रुप टूरनेच पाठवलं. बसमध्ये तिच्याच वयाच्या सहा बायका, सकाळी हरिपाठ, दुपारी पोळी-भाजी-वरण-भात, कारण स्वयंपाकी बरोबर होता. परत आली ती सहा मैत्रिणी घेऊन. आजही रोज फोन चालतात. स्वतंत्र गाडीत आम्ही दोघं नवरा-बायको आणि ती, असं गेलो असतो तर तिला हे मिळालं नसतं. ताज किती वेळ बघितला याच्या पलीकडेही सहलीचं काही असतं.

---

गोदाकाठ

माणदेशी मन, राग कसला? हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. माझ्या मावशीलाही मी ग्रुपनेच जा असं सांगेन, तिला माणसं हवी असतात. बाबांचं तसं नाही. त्यांना माणसांपेक्षा वेळ हवा होता. कोणासाठी सहल काढतोय त्यावर ते ठरतं.

जेवणाचं मात्र खरं आहे. तिसऱ्या दिवशी आईला पनीर नको झालं. मग एका ढाब्यावर ड्रायव्हरकाकांनी आत जाऊन सांगितलं आणि साधी मुगाची डाळ, भात आणि फुलके करून आणले. त्यानंतर रोज तेच.

रानवारा, दुकानांबद्दल. गाइडशी बोलताना मी सरळ म्हटलं होतं, "तुमची फी तुम्ही सांगाल ती देते, पण तीत दुकान नाही." एकाने फी पाचशेने वाढवून सांगितली, मी दिली. तरीही जयपुरात ठसे-छपाई बघायची इच्छा आईनेच काढली. तेव्हा गाइडताईंनी आम्हाला सांगानेरला एका कारखान्यात नेलं आणि स्वतः बाहेर थांबल्या. म्हणाल्या, "मी आत आले की तुमचा भाव वाढतो." एवढा सरळपणा मी अपेक्षिला नव्हता. आग्र्यात संगमरवराचं काही घेणार असाल तर खरा मकराणा नखाने खरवडला जात नाही आणि मागून उजेड धरला तर मऊसर झिरपतो. मऊ दगडाच्या वस्तूही त्याच नावाने विकतात.

दिल्लीस्थित, पानिपत राहिलं याची हुरहुर आहेच. बाबांनी विचारलं होतं, मीच वेळ नाही म्हटलं. पुढच्या खेपेला नक्की.

---

बखरवाचक

आग्र्याच्या किल्ल्याबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. ज्यांना महाराजांसाठी तिथे जायचंय त्यांच्यासाठी.

बरेच गाइड दिवाण-ए-आमच्या खांबांत उभे राहून "यहीं शिवाजी महाराज आए थे" सांगतात. 12 मे 1666 ला औरंगजेबाच्या वाढदिवसाचा दरबार तिथे झाला खरा, पण मिर्झाराजा जयसिंहाचा मुलगा रामसिंह महाराजांना घेऊन पोचला तोवर बादशहा उठून दिवाण-ए-खासमध्ये गेला होता. भेट तिथे झाली. जयपूर दरबारच्या माणसांनी त्या दिवसांत आग्र्याहून पाठवलेली राजस्थानी पत्रं उपलब्ध आहेत, त्यांत हे सगळं आहे. महाराजांना मागच्या रांगेत उभं केलं, पुढे जोधपूरच्या जसवंतसिंहाची पाठ दिसली आणि ते भर दरबारात कडाडले, तो प्रसंग इथला. दिवाण-ए-खाससमोरच्या गच्चीवर जहांगीरचं काळ्या दगडाचं तख्त आहे, त्याला तडा गेलाय. ती खूण धरा आणि तिथे जरा वेळ थांबा. खाली यमुना, पलीकडे ताज.

दुसरं, किल्ल्यातली एखादी अंधारी कोठडी दाखवून "यहाँ क़ैद थे" म्हणतात. महाराज किल्ल्यात कैद नव्हते. त्यांचा मुक्काम बाहेर, रामसिंहाच्या तळाजवळ होता आणि त्याभोवती शहराचा कोतवाल फौलादखान याचा पहारा बसवला होता. 17 ऑगस्टला निसटले ते तिथून. गाइडला हे आदराने सांगा, चांगला असेल तर तो लिहून घेतो. माझ्यासमोर एकाने घेतलंय. अमरसिंह दरवाज्यासमोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, आधी तिथे नमस्कार करून मग आत जावं.

आणि हे जयपूरशी जोडा. आमेरच्या किल्ल्यातला शीशमहाल सगळे बघतात. तो बांधवून घेणारा मिर्झाराजा जयसिंह म्हणजे ज्याच्याशी 1665 मध्ये पुरंदरचा तह झाला, 23 किल्ले गेले, तोच. रामसिंह त्याचाच मुलगा. आधी जयपूर, मग आग्रा, हा गोदाकाठ यांचा क्रम या दृष्टीनेही उत्तम आहे.

---

गोदाकाठ

बखरवाचक, हे वाचून बाबांना लगेच फोन केला. ते म्हणाले, काळ्या तख्तापाशी आपण उभे होतो की! आम्हालाही काकांनी दिवाण-ए-आमच सांगितलं होतं. त्यांना तुमचा प्रतिसाद हिंदीत करून पाठवतेय, त्यांना आवडेल.

---

ह्यूस्टनकर

आम्हाला दोन्ही मुलींना घेऊन पुढच्या मार्चमध्ये जायचंय. मुलींचा पासपोर्ट अमेरिकेचा, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) आहे. ताजचं परदेशी लोकांचं तिकीट 1,100 आणि आत जायचे 200 वेगळे असं वाचलं. मुलींना तेच लागेल का? मोठी 17 ची, धाकटी 12 ची.

---

दिल्लीस्थित

नाही. स्मारकांच्या तिकिटाला ओसीआय कार्डधारकांना भारतीयांचाच दर आहे, म्हणजे 50 आणि कबरीचे 200. मूळ कार्ड जवळ ठेवा, फोटो दाखवून भागत नाही. धाकटीला तिकीटच नाही, 15 वर्षांखालच्या मुलांना मोफत. तिकिटावर तीन तास मिळतात, म्हणून आधी प्रसाधनगृह वगैरे उरकून मगच आत जा.

---

ब्रह्माघाट

काशीबद्दल गोदाकाठ लिहिणार आहेतच, पण आमचं घर पिढ्यान्पिढ्या इथलं, म्हणून राहवत नाही.

काशीत गाइड घेताना त्याला आधीच सांगा की आम्हाला मराठी काशी बघायची आहे. नाहीतर तो दशाश्वमेधाची आरती, विश्वनाथ आणि सारनाथ करून मोकळा होतो. नावेतून बघाल तर अहिल्या घाट, भोसले घाट, शिंदे घाट, तिरपं झालेलं रत्नेश्वराचं देऊळ, आमचे ब्रह्माघाट-दुर्गाघाट ही सगळी आपलीच पानं आहेत. आज विश्वनाथाचं जे देऊळ उभं आहे ते अहिल्याबाईंनी 1780 मध्ये बांधवलं. आवारात त्यांचा पुतळा आहे, तिथे दोन मिनिटं थांबा. अस्सीजवळ भदैनीला राणी लक्ष्मीबाईंच्या जन्मस्थानाचं स्मारक आहे. तिथे फार कमी मराठी माणसं येतात आणि मला त्याचं वाईट वाटतं.

वयस्कर माणसांना दर्शनासाठी सुगम दर्शनाचं तिकीट मंदिराच्याच खिडकीवरून किंवा त्यांच्या संकेतस्थळावरून काढा. रस्त्यात "व्हीआयपी करून देतो" म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नका. मोबाइल आत नेता येत नाही, हॉटेलवरच ठेवून या. मणिकर्णिकेवर कोणी प्रेतांच्या लाकडासाठी दान मागितलं तर हात जोडून पुढे व्हा, ते पैसे लाकडाला जात नाहीत. आणि तिथे फोटो काढू नका. कोणाचं तरी माणूस जळत असतं.

ज्यांचं गुडघ्यांचं दुखणं आहे त्यांनी घाटांच्या पायऱ्या उतरून-चढून फिरू नये. अस्सीला जिथे पायऱ्या कमी आहेत तिथून नावेत बसायचं आणि तिथेच उतरायचं. आरतीसुद्धा नावेतूनच बघायची. भर पावसाळ्यात मात्र नावा बंद असतात, पाणी पायऱ्या गिळून वर येतं.

---

गोदाकाठ

ब्रह्माघाट, आता मी वेगळं काय लिहू? आमच्या गाइडने बाबांना अगदी असंच अस्सीला नावेत बसवलं होतं. भोसले घाटासमोर नाव थांबवून आईने ओंजळीने पाणी घेतलं, ती मूळची नागपूरची. भदैनीला मात्र गेलो नाही, कोणी सांगितलंच नाही.

---

रानवारा

सगळ्यांचे आभार. काल घरी बसून कार्यक्रम बदलला. डिसेंबरची तिकिटं रद्द केली, थोडे पैसे गेले, चालेल. आता फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. मंगळवारी दिल्ली, बुधवारी पानिपत, गुरुवारी लाल किल्ला, शुक्रवारी जयपूरला निघणार, सोमवारी ताज. सासरे बखरवाचकांचा प्रतिसाद छापून घेणार आहेत. काशीत भदैनी धरलंय.

ब्रह्माघाट, मुलांसाठी एकच प्रश्न. मलइयो (ती दुधाच्या फेसाची मिठाई) फेब्रुवारीत मिळेल का?

---

ब्रह्माघाट

थंडी असेपर्यंत मिळते. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत आलात तर चौखंबा भागात नक्की मिळेल. सकाळी लवकर जा. ऊन तापलं की ती बसते, मग कोणी विकत नाही.